सोनूची खुर्ची: लेस्टर ते धरणगाव

जळगाव स्टेशनच्या फलाटावर आमचं सामान उतरवलं तेव्हा हमालानं विचारलं, "लग्नाला निघाले का, साहेब?"

मी म्हणालो, "नाही. इंग्लंडला."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सामानाकडे बघितलं आणि हसला. सामानच तसं होतं. दोन बॅगा, पापडांचा डबा, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, ज्वारी-उडदाच्या, म्हणजे कळण्याच्या, पिठाची पिशवी, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लहानशी गादी. गादी माझ्या सासूबाईंची. त्यांना आम्ही सगळेच अक्का म्हणतो. धरणगावच्या घरच्या कापसाची ती गादी त्यांनी नातवासाठी मुद्दाम पिंजून भरून घेतली होती आणि हमालाच्याच काय, माझ्या हातातही त्या ती देत नव्हत्या.

आमच्या घराण्यात कॉलेजात शिकलेला मी पहिला. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, यावलकडे केळीची शेती. त्यांनी मला शिकवलं आणि आता मी जळगावात पदार्थविज्ञान शिकवतो. विमानात बसणाराही घरातला मीच पहिला. हे मिरवायला सांगत नाही असं म्हणावंसं वाटतं, पण थोडं मिरवायलाच सांगतो. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे परदेश म्हणजे पेपरात वाचायची गोष्ट होती.

जाण्याचं कारण मात्र अगदी घरगुती होतं. आमच्या सोनूला तिसरं वर्ष लागलं होतं आणि त्याचं जाऊळ राहिलं होतं. जाऊळ मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, ही आमच्याकडची रीत. आणि मामा, म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ अरुण, लेस्टरला एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात नोकरीला. तिथल्या राहण्याच्या कागदपत्रांचं काहीतरी अडकलं होतं आणि ते सुटेपर्यंत त्याला देश सोडता येईना. सोनूचे केस कमरेकडे निघाले होते. सुनंदा रोज वेणी घालायची, आणि येणारा-जाणारा त्याला "ताई" म्हणायचा. शेवटी अरुणनंच तिकिटं पाठवली. "मामा येत नाही तर भाचा येऊ दे," म्हणाला.

पण एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही पहूरला एका लग्नाला जीपनं चाललो होतो. सोनू अक्कांच्या मांडीवर, पुढच्या सीटवर. रस्त्यात बकरी आडवी आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, आणि सोनू अक्कांच्या हातांतून सुटून समोर आपटला. भुवई फाटली. टाके पडले. पोर चार दिवसांत खेळायला लागलं. पण टाके घालत असताना सुनंदा एकच वाक्य बोलून गेली, "अक्का, तुझ्याच हातात होता ना गं तो?"

बस, एवढंच. त्यानंतर अक्कांनी कुठल्याही गाडीत नातवाला मांडीवर घेतलं नाही. घरात घेतील, अंगणात घेतील, पण गाडीत चढल्या की हात पदराखाली घालून बसायच्या. सुनंदाही "घे" म्हणाली नाही. मी दोघींना समजावलं की ब्रेक दाबल्यावर कोणाच्याच हातांना तेवढं मूल धरवत नाही, पैलवानाच्याही नाही. वर्गात हेच सांगितलं की पोरं वहीत उतरवून घेतात. घरात कोण ऐकतो?

निघायच्या आधी जळगावच्या फोन बूथवरून अरुणशी बोलणं झालं. तो म्हणाला, "भाऊजी, माझ्याकडे गाडी नाही. इथं फिरायचं म्हणजे टॅक्सी करावी लागेल. आणि इथं लहान मूल मांडीवर घेऊन बसत नाहीत. त्याला वेगळी खुर्ची असते, गाडीत बांधायची."

"खुर्ची?"

"खुर्चीच. मी शेजाऱ्याची मागून ठेवतो."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सुनंदाच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हलकेपणा दिसला. अक्का म्हणाल्या, "कडक ऱ्हाई ती खुर्ची. गादी लागी." (टणक असेल ती. गादी लागेल.) म्हणून ती गादी.

लंडनच्या विमानतळावर अरुण आला तो काखेत एक भलंमोठं प्लॅस्टिकचं घमेलं घेऊन. ती खुर्ची होती. अक्कांनी मुलाला कितीतरी वर्षांनंतर बघितलं, गळ्यात पडून रडल्या, आणि डोळे पुसता पुसता पहिलं वाक्य बोलल्या, "हाई काय शे?" (हे काय आहे?)

विमानतळापासून लेस्टरपर्यंत मोठी बस होती. खिडकीतून हिरवं, मऊ, चढउताराचं रान दिसत होतं. इतकं हिरवं की कोणाचं शेत कुठं संपतं ते कळेना. मेंढ्या मोकळ्या चरत होत्या आणि राखायला कोणी नव्हतं. अक्कांना याची फार काळजी वाटली. "इतकी जनावरं आणि माणूस एकबी नही," असं त्या दोनतीनदा म्हणाल्या.

लेस्टरला उतरल्यावर खरी पंचाईत झाली. अरुणचं घर तिथून लांब, म्हणून टॅक्सी केली. टॅक्सीवाला निघाला गुजराती. नाव रमणिकभाई, मूळचे नवसारीकडचे, पण आयुष्य आफ्रिकेत गेलेलं आणि तिथून इकडे आलेले. पिकलेल्या मिशा, डोक्याला लोकरीची टोपी. अरुणनं मागच्या सीटवर घमेलं ठेवलं आणि सोनूला उचलून आत बसवायला गेला. सोनू बसेचना. म्हणजे हट्ट म्हणून नाही. तो मावतच नव्हता. ती खुर्ची तान्ह्या मुलाची होती. सोनूचे गुडघे हनुवटीला लागले आणि त्यानं असा सूर लावला की रस्त्यावरची माणसं थांबली.

रमणिकभाई म्हणाले, "खोळामां लई लो ने, बा." (मांडीवर घ्या की.)

ते अक्कांना म्हणाले होते. धरणगावची बोली आणि त्यांची गुजराती यांत फारसं अंतर नाही, अक्कांना बरोबर समजलं. त्या एक पाऊल मागं सरकल्या. "मी लेवाव नही," म्हणाल्या. (मी घेणार नाही.) हात पदराखाली गेले.

रमणिकभाईंनी सुनंदाकडे बघितलं. सुनंदा म्हणाली, "मांडीवर नाही घ्यायचं."

"तो शुं करशो?" (मग काय करणार?)

मग जे केलं ते असं. टॅक्सीत सामान गेलं, घमेलं गेलं, गादी मांडीवर घेऊन अक्का गेल्या. आणि मी, सुनंदा, अरुण असे तिघं सोनूला आळीपाळीनं खांद्यावर घेऊन चालत निघालो. विमानाचा प्रवास करून आलेली माणसं आणि टॅक्सी केलेली असताना पायी! एक गोरी म्हातारी फाटकात उभी होती, ती सोनूची वेणी बघून म्हणाली, "काय गोड मुलगी आहे." सुनंदानं हसून मान हलवली. सांगायचं त्राण कोणाला होतं?

घरी पोचलो तेव्हा अक्का दारातल्या पायरीवर बसलेल्या आणि रमणिकभाई टॅक्सीला टेकून उभे. दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. अक्का त्यांना विचारत होत्या की इथं बाजरी मिळते का. रमणिकभाईंनी भाडं घेतलं आणि जाताना मला म्हणाले, "मास्तर, एवा तो आखुं इंग्लंड पगे फरशो." (असं तर सगळं इंग्लंड पायी फिराल.)

टोमणा मला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी कळण्याची भाकरी खाऊन मी जाहीर केलं की खुर्ची विकत घ्यायची, आणि ती अशी की जी घडी करून हातात धरता येईल, रेल्वेत नेता येईल आणि जळगावलाही नेता येईल.

लहान मुलांच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं. आत गेलो तर एका भिंतीला नुसत्या खुर्च्या. मला वाटलं होतं दोनतीन असतील. आमच्याकडे बैलगाडीचं जू निवडायला एवढा वाव मिळत नाही. दुकानातली बाई वयस्क, चष्मा साखळीला लावलेला. तिनं गाडीची खरी सीट, पट्ट्यासकट, दुकानात बसवून ठेवली होती. तिच्यावर बांधून बघा म्हणाली. ही सोय मला फार आवडली.

अक्कांनी निवडायला सुरुवात केली ती अंगठ्यानं. धरणगावच्या बाजारात कापूस बघतात तसा प्रत्येक खुर्चीत अंगठा दाबायचा आणि वर कसं येतं ते बघायचं. जिची गादी जाड ती त्यांच्या पसंतीची. एकीवर तर मखमलीसारखं कापड होतं, तिच्याजवळ त्या उभ्याच राहिल्या. "हाई ल्या, जवाईबापू. बठ्ठी नरम शे." (सगळी मऊ आहे.)

मी ती गाडीच्या सीटवर पट्ट्यानं बांधली आणि दोन्ही हातांनी धरून हलवली. ती डावी-उजवी डुलायला लागली.

"ही नाही," मी म्हणालो.

"का बरं?"

आता माझं शिक्षण पदार्थविज्ञानाचं, पण त्या वेळी मला आठवला आबांचा मळा. केळीचा ट्रक भरताना आबा पाला अंथरायचे, ते खरं, पण घड एकमेकांना असे भिडवून लावायचे की मध्ये हात जाऊ नये. भरून झालं की स्वतः वर चढून घड हलवून बघायचे. हललेला घड दिल्लीला काळा होऊन पोचतो, मग खाली कितीही पाला असो. मी हे अक्कांना सांगितलं.

"मन्हा नातू काय केळी शे?" अक्का म्हणाल्या.

"केळीपेक्षा नाजूक आहे म्हणून तर सांगतो."

सुनंदा मध्ये पडली. "एक कपाशीवाली आणि एक केळीवाला. दोघांच्या भांडणात माझं पोर उपाशी मरेल. लवकर ठरवा."

मग क्रमानं बघितलं. एक खुर्ची फार मजबूत होती, हलवली तरी ढिम्म. पण ती उचलून मी दुकानाच्या दारापर्यंत गेलो आणि परत आणून ठेवली. ती घेऊन रेल्वेत चढायचं म्हणजे हमाल लागला असता. एक नुसताच उंच पाट होता. त्याच्यावर मूल बसवायचं आणि मोठ्यांचा पट्टा त्याच्यावरून घ्यायचा. सोनूला बसवलं तर पट्टा बरोबर गळ्याशी आला. सुनंदानं त्याला लगेच खाली उतरवलं. नुसत्या कापडी पट्ट्यांचं एक जाकीट होतं, खिशात मावेल असं. ते मला हलकेपणासाठी पटलं होतं, पण डोकं टेकवायला मागं काहीच नाही. झोपलेलं पोर पुढं लोंबकळणार.

शेवटी खालच्या फळीवर, मागं ढकललेली, एक साधी खुर्ची सापडली. नळीचा सांगाडा, त्याला जाड कापड, पाठ आणि बैठक मध्ये दुमडली की सुटकेससारखी हातात धरता येणारी. खांद्यांवरून दोन, कमरेवरून दोन आणि पायांमधून एक असे पट्टे, सगळे पोटावर एका कुलपात अडकणारे. दिसायला अगदी सुमार. मी ती बांधली. गाडीचा पट्टा सांगाड्याच्या मागून ओवून घट्ट ओढला आणि हलवली. सीट हलली, सीटखालचा लाकडी चौथरा हलला, पण खुर्ची सीटला सोडेना.

बाई हसून म्हणाली, "ही कोणी घेत नाही. दिसायला चांगली नाही ना."

"आम्ही घेतो," मी म्हणालो.

अक्कांनी एकदा अंगठा दाबला. "दगड शे," म्हणाल्या.

रविवारी जाऊळ झालं. अरुणच्या घराच्या मागं गालिच्याएवढी हिरवळ होती, तिच्यावर पाट मांडला. अरुण मांडी घालून बसला, सोनू त्याच्या मांडीवर. मामाला बघून ओळखायला दोन दिवस लागले होते, पण आता दोघांचं मेतकूट जमलं होतं. घमेलं उसनं देणारी शेजारची मंडळी कुंपणावरून बघत होती. अरुणनं पहिली बट कापली आणि अक्कांनी ती आपल्या ओंजळीत घेतली. वेणी गेल्यावर आतून निघालं ते एकदम वेगळंच पोर, मोठाले कान असलेलं, थेट आबांसारखं. सुनंदा हसता हसता रडली. केस वाहत्या पाण्यात सोडायचे, म्हणून दुसऱ्या दिवशी समुद्रावर जायचं ठरलं. समुद्रही बघायचा होताच.

सोमवारी सकाळी स्टेशनवर जायला टॅक्सी बोलावली. आले रमणिकभाईच. सोनूला बघून म्हणाले, "पेली बेबी क्यां गई?" (ती मुलगी कुठं गेली?) आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

मी मागच्या सीटवर खुर्ची बांधली. बांधली म्हणजे अशी बांधली की रमणिकभाई म्हणाले, "मास्तर, सीट उखडशे." तेवढ्यात अक्कांनी त्यांची ती गादी आणून खुर्चीत अंथरली. फार मऊ, फुगलेली, वर लहान लहान फुलांचं छापील कापड. खरं सांगतो, मलाही बरंच वाटलं. खुर्ची कडक, वर गादी मऊ. कपाशी आणि केळी दोन्हींचा मान राहिला. सोनू गादीवर बसला, मी पट्टे लावले, ते छातीला टेकले. सगळे खूश. अरुण पुढं बसला. मागं खिडकीशी अक्का, मध्ये सोनू, पलीकडे सुनंदा आणि दाराला चिकटून मी कसाबसा. माझ्या वाट्याला पट्टाही आला नव्हता. रमणिकभाईंनी तिकडे काणाडोळा केला.

चौक ओलांडताना एक सायकलवाला अचानक गल्लीतून निघाला. रमणिकभाईंनी ब्रेक दाबला.

खुर्ची जागची हलली नाही. पण सोनू हलला. तो गादीसकट पुढं घसरला, खाली सरकला, आणि खांद्याचे पट्टे त्याच्या हनुवटीशी आले. त्यानं किंकाळी फोडली. सायकलवाला हात दाखवून निघून गेला. रमणिकभाईंनी टॅक्सी कडेला घेतली.

मी सोनूला वर ओढलं, मान बघितली, गळा बघितला, हातपाय बघितले. काही नव्हतं. हनुवटीला थोडं लाल झालं होतं, बाकी नुसती भीती. सुनंदानं अक्कांकडे बघितलं. अक्कांचे हात पदराखाली गेले होते आणि त्या सोनूकडे न बघता खिडकीबाहेर बघत होत्या. मला पहूरचा दवाखाना दिसायला लागला. वाटलं, आता सुनंदा काहीतरी बोलते, आणि बोलली की ही बाई उरलेलं आयुष्य नातवाला हात लावणार नाही.

मी गादी बाहेर काढली. मघाशी फुगलेली गादी पार चपटी होऊन एका बाजूला गोळा झाली होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"गादीमुळं झालं," मी म्हणालो. "ब्रेक लागला, कापूस दबला, आणि पट्टा सैल पडला. मी बांधताना बघायला हवं होतं. मला बरी वाटली म्हणून राहू दिली."

अक्का हळूच म्हणाल्या, "गादी मन्ही व्हती."

"आणि पट्टा मी लावला होता," मी म्हणालो.

गादी डिकीत गेली. सुनंदा खाली उतरली आणि मी सोनूला पुन्हा कडक कापडावर बसवलं. तो रडत, अंग ताठ करत होता, आणि मला पट्टा काही पुरेसा ओढता येईना. दाराशी वाकून, एका पायावर उभा राहून मी ओढत होतो, तो अर्धवटच यायचा. अरुण म्हणाला, "भाऊजी, मी बघू का?" त्याच्यानंही होईना.

तेव्हा सुनंदा म्हणाली, "अक्का, तू बांध."

अक्कांनी मान वळवली. "मी?"

"मग कोण? कापसाची गाठोडी जन्मभर कोणी बांधली? ह्या दोघांना काय येतं? तू बांध."

"मी बांधू?" अक्कांनी पुन्हा विचारलं.

"हां. तूच."

अक्का उतरल्या. पदर कमरेला खोचला. पलीकडून फिरून आल्या, मला बाजूला सारलं, आणि टॅक्सीच्या उंबऱ्यावर एक गुडघा टेकवला. कपाशी वेचून झाली की शेताच्या बांधावर गाठोडं बांधतात ना, तसं त्यांनी एका हाताच्या तळव्यानं सोनूचं पोट हलकेच मागं दाबून धरलं, दुसऱ्या हातानं पट्ट्याचं टोक धरलं आणि त्यानं श्वास सोडल्याबरोबर एका दमात ओढलं. मग पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. सोनूला कळायच्या आत झालं सगळं. तो रडायचा थांबला आणि आजीकडे बघत राहिला.

"आते हालत नही," अक्का म्हणाल्या.

रमणिकभाईंनी टाळी वाजवली. "बा, मारी टॅक्सीमां नोकरी करशो?"

"तुन्ही टॅक्सीमा? पहिले तू सायकल देखीसन चालाडाले शिक." (आधी सायकल बघून गाडी चालवायला शिक.)

टॅक्सीभर हसू पसरलं. त्या हसण्यात सुनंदाचं हसूही होतं.

समुद्र आमच्या मुंबईच्या समुद्रापेक्षा करडा आणि गार होता. वाळूवर घोडे नव्हते, गाढवं होती. मुलं त्यांच्यावर बसून चकरा मारत होती. लोकांनी उन्हासाठी म्हणून खुर्च्या मांडल्या होत्या आणि ऊन नव्हतं तरी ते समाधानानं बसले होते. आम्ही कागदात बांधलेले बटाट्याचे जाड तळलेले तुकडे घेतले. त्यांच्यावर व्हिनेगर ओततात, ते आम्हाला झेपेना. अक्कांनी बरणी काढली आणि शेंगदाण्याची चटणी टाकली. अरुण म्हणाला, "अक्का, इथं दुकान टाक, लेस्टरचा कारखाना मी सोडतो."

पाण्याजवळ जाऊन अक्का आणि सुनंदानं केस सोडले. मी सोनूला घेऊन थोडा मागं होतो, पण वारा माझ्याकडे होता, त्यामुळे ऐकू आलं. सुनंदा म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात मी तसं बोलायला नको होतं."

अक्कांनी ओले हात पदराला पुसले. म्हणाल्या, "चाल. पोऱ्याले भूक लागनी."

एवढंच. आमच्याकडे माफी यापेक्षा जास्त लांबवत नाहीत.

पुढचे दिवस मजेत गेले. जिथं टॅक्सी तिथं खुर्ची, आणि जिथं खुर्ची तिथं पट्टा ओढायला अक्का. सोनूलाही ती आपली वाटायला लागली. टॅक्सी दिसली की तो स्वतःच "माझी कुर्ची" म्हणायचा. तिच्यातून त्याला खिडकीबाहेरचं दिसायचं, हे मांडीवर कधी दिसलं नव्हतं. गादी अरुणकडेच राहिली. तो तिच्यावर बसून चहा पितो, असं त्यानं नंतर फोनवर सांगितलं. निघताना रमणिकभाई भाडं न घेता बसथांब्यापर्यंत सोडायला आले आणि अक्कांना गूळ देऊन गेले.

परतीचा मुक्काम जळगाव. सकाळची वेळ, स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा. अक्कांना धरणगावला सोडून मग घरी यायचं होतं. मी पहिल्या गाडीत डोकावलो आणि विचारलं, "पट्टा आहे का?"

"कसला पट्टा?"

"सीटचा."

त्यानं आपल्या कमरेचा पट्टा दाखवला. आजूबाजूचे हसले. दुसऱ्यानं विचारलं, "मास्तर, खुर्ची टपावर बांधू की डिकीत?" मी म्हणालो, "आत. पोरगं बसणार आहे तिच्यात." तिसरा म्हणाला, "म्हणजे सीटवर खुर्ची आणि खुर्चीवर पोऱ्या? आमच्या गाडीत बसायला जागा नाही का?" मी ओशाळलो नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पदवी, परदेश, सगळं एकीकडे आणि आपल्या गावच्या स्टेशनवर लोक हसायला लागले की माणूस लहान होतो. क्षणभर वाटलं, जाऊ दे, थोडंसंच अंतर आहे.

मी सुनंदाकडे बघितलं. सुनंदा अक्कांकडे बघत होती. आणि अक्का पुढच्या गाडीकडे निघाल्याही होत्या.

एका नव्याच अँबॅसडरजवळ टॅक्सीवाले एक नाना विडी ओढत उभे होते. अक्कांनी विचारल्यावर म्हणाले, "पट्टा शे ना. पुढला सीटले शे. कंपनीनीच दिन्हा. कव्हरखाल दाबेल शे."

आम्ही सीटचं टॉवेलचं कव्हर उचकटलं. खाली शेंगांची टरफलं, एक केसाची पिन, आणि प्लॅस्टिकच्या आवरणातून अजून न काढलेला पट्टा. सुनंदानं तो पदरानं पुसला. मी खुर्ची पुढच्या सीटवर ठेवली, पट्टा सांगाड्यातून ओवला, हलवून बघितलं. अक्कांनी गुडघा टेकवला आणि सोनूला आवळलं.

नाना बघत होते. म्हणाले, "बाई, पोऱ्या शे का गहूनं पोतं?"

"गहूनं पोतं पडनं तर पुन्हा भरता येस," अक्का म्हणाल्या. "हाऊ पडना तर?"

नानांनी विडी टाकली आणि गाडी सुरू केली.

लोक मला विचारतात, तिकडे काय पाहिलंत? मी समुद्र सांगतो, गाढवं सांगतो, राखणदाराशिवाय चरणाऱ्या मेंढ्या सांगतो. मनात मात्र हे येतं की, आम्ही एवढा प्रवास करून एक अगदी साधी गोष्ट शिकून आलो: जे हातांना झेपत नाही ते हातांवर टाकू नये, आणि मग त्या हातांना दोषही देऊ नये. पुस्तकात हे होतं. मी शिकवतही होतो. पण आमच्या घरात ते आलं टॅक्सीतून.

गिरणेचा पूल मागं पडला. पाळधी आलं. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. पुढं सोनू बांधलेल्या जागेवरून नानांना प्रत्येक बैलगाडी दाखवत होता आणि नाना प्रत्येक वेळी "हां, दिखनी" म्हणत होते. मी मागच्या सीटवर अक्कांकडे वळून काहीतरी सांगायला गेलो, तर सुनंदानं ओठांवर बोट ठेवलं. अक्का झोपल्या होत्या. मान खिडकीला टेकलेली, दोन्ही हात पदराबाहेर, मांडीवर उघडे पडलेले. रस्ता खडबडीत होता, गाडी आदळत होती, तरी त्या जाग्या झाल्या नाहीत. धरणगाव आलं तेव्हा त्यांना उठवावं की अजून एक चक्कर मारून आणावी, असा प्रश्न पडला, आणि सुनंदानं नानांना सांगितलं, "थोडं पुढून वळवून घ्या."